कोरी पाठ

खो-खोच्या मैदानावर दोन खांबांच्या मध्ये आठ गडी एका ओळीत, आपापल्या चौकोनात उकिडवे बसतात. एकाचे तोंड उत्तरेला असेल तर शेजारच्याचे दक्षिणेला. नववा गडी पळणाऱ्याच्या मागे धावतो. बसलेल्यांपैकी एखाद्याला उठवायचे झाले की तो त्याच्या पाठीमागून येतो, पाठीवर हात मारतो आणि मोठ्याने ‘खो’ म्हणतो. बसलेला उठून धावू लागतो, आलेला त्याच्या जागी बसतो. हात आणि आवाज एकाच वेळी झाले पाहिजेत. एक झाले आणि दुसरे राहिले तर फाऊल. पुढचे सगळे समजायला एवढा नियम पुरेसा आहे.

गाव गंगाखेड तालुक्यातले, राणीसावरगावापासून चालत दीड तासावर. शाळा अकरावीपर्यंत होती. ज्या दोन वर्षांबद्दल लिहितो आहे ती १९७२ आणि १९७३. पहिल्या वर्षी पाऊस नव्हता. मैदानाची काळी माती इतकी भुगा झाली होती की धावणाऱ्याच्या मागे धूर निघाल्यासारखा दिसे, आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाच्या पांढऱ्या बनियनवर पाठीमागे मातकट पंजांचे ठसे उमटलेले असत. कुणाच्या पाठीवर चार, कुणाच्या सहा. कोण किती खेळला हे मुले त्यावरून ठरवत. माझे बनियन पाठीमागून कोरे असे. त्याचा मला अभिमान होता.

संघात आमच्या वस्तीतला मी एकटा. माझ्या जन्माच्या सुमारास वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. गावाच्या बोलण्यात वस्तीचे जुने नाव तसेच राहिले होते. आई दुष्काळी कामावर माती वाहायला जाई. वडील परळीच्या बाजूला मजुरीला असत आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा येत.

मला संघात घेतले ते ड्रिल मास्तरांनी. त्यांना आम्ही समोर सर म्हणायचो. चाळिशीचे, बुटके, मिशी कातरलेली. तरुणपणी, निजामाच्या शेवटच्या वर्षांत, ते परभणीच्या एका तालमीत उस्तादाकडे लाठी शिकले होते. खो-खो त्यांनी पुस्तकातून शिकून घेतला होता, पण शिकवताना ते लाठीचेच शिकवत. लाठीवाल्याने समोरच्याच्या हाताकडे बघितले की त्याचे पाय राहतात, पायांकडे बघितले की हात राहतात; म्हणून नजर कशावरच ठेवायची नाही, समोर मोकळी सोडायची आणि कडेने जे येईल ते येऊ द्यायचे, असे उस्तादाचे सांगणे होते. सर त्या नजरेला ‘कानाडोळा’ म्हणत. कानाजवळचा डोळा तो कानाडोळा. बसलेल्या गड्याला मागून खो ऐकायचा असतो आणि दोन्ही कडांनी पळणारा बघायचा असतो, तेव्हा कान आणि डोळा मिळून एकच अवयव, असे ते समजावून सांगत.

मराठीच्या चाचणीत ‘कानाडोळा करणे’ याचा वाक्यात उपयोग करा असा प्रश्न आला. मी लिहिले, ‘चांगला खेळाडू नेहमी कानाडोळा करतो.’ मराठीच्या शिक्षकांनी ते वर्गात मोठ्याने वाचले आणि शून्य दिले. दिसत असून न दिसल्यासारखे, ऐकू येत असून न ऐकल्यासारखे करणे, असा अर्थ त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावला. मी तो सरांना दाखवला. ते पोट धरून हसले.

“तेंनी कधी खो-खो खेळलाय का? तेंचा कानाडोळा येगळा, आपला येगळा.”

सराव शाळा सुटल्यावर होई. व्हरांड्याच्या भिंतीवर सरांनी कोळशाने एक ठिपका काढला होता. त्यापासून दोन हातांवर उभे राहायचे आणि ठिपक्यावरून डोळा हलवायचा नाही. दोन्ही बाजूंना एकेक गडी उभा राहून बोटे दाखवी. किती बोटे ते सांगायचे. मग गडी एक पाऊल मागे सरके, मग अजून एक. पहिल्या महिन्यात माझ्या कानाच्या रेषेत आलेली बोटे हलताना दिसत पण मोजता येत नसत. दुसऱ्या महिन्यात मोजता येऊ लागली. नंतर चिंचोके. बाजूने कुणीही, केव्हाही चिंचोका फेकायचा आणि मी ठिपक्याकडे बघत तो झेलायचा. सुरुवातीला कानशिलावर बसत. पुढे पुढे दहांतले आठ हातात येऊ लागले.

सगळ्यांत अवघड धडा बाजाराचा होता. आठवडी बाजाराच्या एका टोकाला मला उभे करून सर दुसऱ्या टोकाला जाऊन थांबत. मी त्यांच्या टोपीवर नजर ठेवून चालत जायचे. मग परीक्षा.

“डाव्या अंगाला काय व्हतं?”

“मिरच्यावाली, सर. तिच्या पलीकडं दोरवाला. त्याचा लाल पटका.”

“मिरच्या हिरव्या का वाळलेल्या?”

“वाळलेल्या.”

“देठासकट का देठ काढलेल्या?”

मला सांगता आले नाही.

“देठ ऱ्हायले. जा मागारी.”

मी परत गेलो. मिरच्यावालीने तिसऱ्या फेरीला विचारले, “घ्यायच्यात का निसत्या वळकायच्यात?”

या सगळ्यात माझा जोडीदार म्हणजे संघाचा कप्तान. तो माझ्याच वर्गात होता. त्याचे वडील, ज्यांना तो आबा म्हणे, शाळा समितीचे अध्यक्ष होते, आणि शाळेचे मैदान ज्या जमिनीवर होते ती त्यांच्याच घराण्याने दिलेली होती. कप्तान उंच, लांब ढांगांचा, जिल्ह्यात नाव काढील असा खेळाडू होता. स्वभावाने मोकळा. माझ्या नजरेची टर उडवण्यात सगळ्यांत पुढे तोच.

“ह्याच्या लग्नात नवरी समोर आन ह्याची नजर करवलीवर. बघतोय कुनाकडं, सासऱ्याला बी कळायचं न्हाई.”

तो मला काही देताना नेहमी फेकून देई. पेरू, खडू, केळे, एकदा अख्खी कंपासपेटी. “झेल!” एवढेच म्हणे, कधी तेही म्हणत नसे. मी दुसरीकडे बघत असताना वस्तू कडेने येई आणि माझा हात तिच्यावर मिटे. पोरे टाळ्या वाजवत. दुसऱ्या कुणाला तो पेरू हातात देई. मला फेकण्याचा अर्थ मी असा लावला होता की माझा सराव व्हावा म्हणून तो हे करतो.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर सरांनी कानाचा सराव सुरू केला. मी चौकोनात बसायचे. मागून कप्तान काहीही ओरडायचा. “गो!” “दो!” “हो!” “खोबरं!” ‘खो’ हा नेमका आवाज आला तरच उठायचे. खोबऱ्याला मी दोनदा फसलो. नंतर फसलो नाही. ‘ख’चा उच्चार घशातून निघायच्या आधी धावणारा श्वास आत ओढतो, तो श्वासच मला ऐकू येऊ लागला. सरांनी सगळ्या संघाला बोलावले.

“ह्याला हात लावायची गरज न्हाई,” ते म्हणाले. “हाताची वाट बघन्यात टाइम जातो. आजपासून ह्याला निसता आवाज द्यायचा. हात पाठीजवळ न्यायचा, लावायचा न्हाई. लावला तर ह्याची सवय मोडंल.”

एका गड्याने विचारले, “मंग फाऊल न्हाई का व्हनार, सर?”

“पंचाच्या बाजूनं हात लागल्यावानीच दिसतंय. पाठीला लागला का वाऱ्याला लागला, कोन बघायलंय?”

ही लबाडी होती हे मला त्या वेळीही कळत होते. ती माझ्या चपळपणासाठी केलेली लबाडी आहे, असे मी धरून चाललो. आठही गड्यांनी सरांचे ऐकले. त्यांतल्या बहुतेकांना त्यात दुसरे काही दिसले नसावे; पुढे दोघांना विचारले तेव्हा दोघांनीही तसेच सांगितले.

आईला मात्र दिसले. ती ओढ्यात कपडे धूत होती. तेवढ्यापुरते पाणी ओढ्याच्या एका डोहात उरले होते. तिने माझे बनियन उलटसुलट करून पाहिले.

“बाकीच्या पोरांच्या आया मातीच्या डागापायी कावल्यात. तुज्या पाठीवर एक बोट बी न्हाई. खेळतूस का निसता बसून येतूस?”

मी तिला समजावून सांगितले. मला हात लावावा लागत नाही. मी आवाजावर उठतो. सरांनी सगळ्यांना तसे सांगितले आहे.

“समद्यांला सांगितलंय?”

“हो.”

“आन दुसऱ्या कुनाला बी असंच उठवत्यात का तुला एकट्यालाच?”

“एकट्यालाच. दुसऱ्यांना जमत नाही.”

बनियन तिने दगडावर एकदाच आपटले, पिळले आणि माझ्याकडे दिले. धुण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

मला काय हवे होते ते सांगितले पाहिजे. मला ड्रिल मास्तर व्हायचे होते. सरांनीच ते मनात घातले होते. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की प्रमाणपत्र मिळते. ते जोडून शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला की आमच्यासारख्याला जागा मिळायची शक्यता वाढते. मग कुठल्या तरी शाळेत नेमणूक, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. “माझ्यामागं ह्या शाळेत तूच,” असे सर एकदा म्हणाले होते. आमच्या घरात तोपर्यंत पगाराची नोकरी कुणी केली नव्हती. निवड फक्त एकाच ठिकाणी व्हायची, जिल्हा स्पर्धेत, आणि अकरावीनंतर मला ती संधी पुन्हा नव्हती.

१९७३च्या हिवाळ्यात गंगाखेडला तालुक्याचे सामने झाले. पंच शेजारच्या गावच्या शाळेतले शिक्षक होते. त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही. आम्ही जिंकलो. सगळ्यांत जास्त गडी मी बाद केले. गाडीच्या टपावर बसून गावी येताना कप्तानाने माझ्याकडे दोन पेढे फेकले. एक उजव्या बाजूने, एक डाव्या बाजूने, एकाच वेळी. मी दोन्ही झेलले.

जिल्ह्याचे सामने परभणीला होते. आम्ही एसटीने गंगाखेडला आणि तिथून रेल्वेने परभणीला गेलो. पंच औरंगाबादहून आले होते. हडकुळे, डोक्याला पांढरी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. ते एका जागी उभे राहत नसत. धावणाऱ्याच्या बरोबरीने, रांगेच्या कडेकडेने पळत. असा पंच आम्ही पाहिला नव्हता. निवड समितीचे तिघे खांबाजवळच्या बाकावर कागद घेऊन बसले होते.

आमच्या पहिल्या डावात काही झाले नाही. माझ्यापर्यंत खो फारसा आलाच नाही. दुसऱ्या डावात कप्तानाने माझ्या मागून श्वास घेतला, ‘खो’ म्हणाला, मी उठलो आणि चौथ्या पावलाला पळणाऱ्याला टिपले. शिट्टी वाजली. मला वाटले, बाद झाल्याची.

“फाऊल,” पंच म्हणाले. “हात लागला नाही. गडी नाबाद.”

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा गडी नाबाद. तिसऱ्या वेळी मी उठलो तोच त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. सगळ्यांनी आपापल्या चौकोनात बसून राहावे असा हुकूम केला. मी परत बसलो. माझे तोंड प्रेक्षकांकडे होते. पंच, कप्तान आणि सर माझ्या पाठीमागे, पाच-सहा पावलांवर उभे होते. मान वळवायची नाही, ही सरांची शिकवण. मी वळवली नाही. पुढचे संभाषण मी फक्त ऐकले.

“तीनदा झालं,” पंच म्हणाले. “याला खो देताना हात लागत नाही. चूक कुणाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची?”

कप्तानाच्या नाकातून येणारा श्वास मला ऐकू येत होता.

“घेणाऱ्याची, साहेब,” सर म्हणाले. साहेबांशी ते पुस्तकी मराठी बोलत. “मुलाला घाई फार. हात पोचायच्या आत उठतो. वर्षभर सांगतोय त्याला.”

“मग बदला त्याला.”

“हो साहेब.”

मी बाहेर आलो. निवड समितीच्या बाकावरून जाताना समोर बघत होतो. कागद डाव्या कडेला होता. माझ्या क्रमांकापुढे लिहिलेले दोन शब्द मला वाचता आले. ‘आधी उठतो.’

दोन वर्षांत मी रांग कधी बाहेरून पाहिली नव्हती. आता पाहिली. माझ्या चौकोनात आमचा राखीव, दहावा गडी बसला होता. कप्तान त्याच्या मागून आला, म्हणाला ‘खो’, आणि त्याचा पंजा त्या गड्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये पडला. पाचही बोटे. आवाज मैदानाबाहेर ऐकू आला. उरलेल्या डावात त्या गड्याला सात वेळा खो मिळाला आणि सात वेळा हात लागला. एका खोच्या वेळी तर हात नुसता लागलाच नाही, कप्तानाने त्याला पुढे ढकलले आणि हसला.

मग एक गोष्ट आठवली जी मला आठवायची गरज पडायला नको होती, कारण ती मी रोज पाहत होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्याचे तोंड उलट दिशेला असे, म्हणजे त्याची पाठ माझ्या समोरच्या बाजूला. त्याला खो देणारा माझ्या नजरेच्या कडेला येऊन उभा राही. त्याच्या पाठीवर पडणारा हात मी शेकडो वेळा बघितला होता. मिरच्यांचे देठ होते की नाही हे सांगू शकणाऱ्या माणसाने. तो हात कुणाच्या पाठीवर पडतो आणि कुणाच्या पडत नाही, याची बेरीज मी केली नव्हती.

सामना आम्ही एका गड्याने जिंकलो. पुढच्या सामन्यात हरलो. संध्याकाळी निवड झालेल्यांची यादी वाचली. कप्तानाचे नाव दुसरे होते. माझे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर पांगलो होतो. मी एका बाकावर एकटा बसलो होतो. उजव्या कडेने कप्तान येताना दिसला. त्याच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती. त्याने ती दहा पावलांवरून माझ्याकडे फेकली. मी हात हलवला नाही. पुडी गुडघ्यावर आपटून फुटली, शेंगा फलाटभर झाल्या.

“काय लेका, झोपलास का?”

“हातात दे,” मी म्हणालो.

“काय?”

“हातात द्यायची. फेकायची नाही.”

तो उभा राहिला. खाली वाकून त्याने पाच-सहा शेंगा वेचल्या, मूठ मिटली, आणि मूठ तशीच राहिली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे दोन माणसे बसतील एवढी जागा सोडून.

“मला काय वाटत न्हाई रे,” तो म्हणाला. “खरं सांगायलोय. पर आबांनी घरात शपथ घातलीय. तुला घेतल्याचं कळलं तवा आबा मास्तरच्या घरी गेल्ते. म्हनले, संघातून पोरगं काढून घेतो. खो-खोत पाठीला हात लावावा लागतोय, आन तसंच येऊन आमच्या घरात शिरायचं व्हय? मास्तर म्हनले, तेला हात न लावता उठवायचं मी बघतो. तुमी निसतं पोराला खेळू द्या.”

“कधी म्हणाले?”

“मागल्या साली. दिवाळीच्या आसपास.”

कानाचा सराव दिवाळीनंतर सुरू झाला होता. तारखा जुळत होत्या.

“तुझ्या खोला मी हात टेकायच्या आत उठायचो, तवा तुला ठाऊक असंल असं वाटायचं मला,” कप्तान म्हणाला. “तू लय हुशार. कडेचं समदं दिसतंय तुला. म्हनलं, कळलं असंल, बोलत नसंल.”

त्याने शेंगा बाकावर मधल्या जागेत ठेवल्या आणि तो उठून गेला. त्या मी खाल्ल्या नाहीत.

सर चहाच्या गाड्याजवळ उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“सर, मी आधी उठत होतो का?”

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी गाड्यावर ठेवली.

“तुला कुनी सांगितलं?”

“मी आधी उठत होतो का, सर?”

“हे बघ,” ते हळू आवाजात म्हणाले. “मैदान तेंचं. समिती तेंची. तुला घेतलाच नसता तर कोन मला इचारनार व्हतं? कुनी न्हाई. मी तुला घेतला. तुझ्यावर जेवढी मेहनत केली तेवढी दुसऱ्या कुनावर न्हाई केली. नजर दिली, कान दिला. एका गोष्टीकडं कानाडोळा केला, एवढंच.”

म्हणजे त्या शब्दाचा वहीतला अर्थ त्यांना ठाऊक होता.

“आणि पंचाला खोटं का सांगितलं?”

“मंग काय सांगाया पायजे व्हतं? अध्यक्षाचं पोरगं हात लावत न्हाई म्हनून? त्याची निवड गेली असती, आन तुजी झाली असती का? तुजी बी गेली असती, त्याची बी. एकाची तरी झाली.”

हा हिशोब त्यांनी मैदानावर उभ्या उभ्या केला असेल, की त्याआधी, हे मला कळायला मार्ग नाही. विचारावेसे तेव्हा वाटले नाही, आणि पुढे विचारता येण्यासारखे आमच्यात काही उरले नाही. त्यांनी दिलेल्या नजरेवर आणि कानावर नंतर मी वर्तमानपत्रात नोकरी केली, हेही इथे नोंदवले पाहिजे. सभेत समोरच्या वक्त्याकडे बघत व्यासपीठाच्या कडेला कोण उठून गेले ते टिपता येत असे.

गाडी आली. गंगाखेडपर्यंत मी दारात उभा होतो. घरी पोचल्यावर आईने निकाल विचारला नाही. पिशवीतून बनियन काढून तिने पाठीची बाजू वर केली, बघितली आणि घडी घालून तसेच ठेवून दिले.

सोमवारी शाळा सुटल्यावर सराव होता. जिल्ह्याच्या संघात जाणाऱ्या कप्तानाला सराव मिळावा म्हणून सरांनी सगळ्यांना बोलावले होते. मी गेलो. न जाण्याचे कारण मला कुणाला सांगायचे नव्हते. माझ्या नेहमीच्या चौकोनात, उत्तरेला तोंड करून बसलो. समोर बाभळ होती. तिच्या बुंध्यावर नजर मोकळी सोडली.

पळणारा उजव्या कडेने आला आणि माझ्या समोरून डावीकडे गेला. मागून पावले आली. श्वास आत गेला.

“खो!”

मी बसून राहिलो.

“खो!” कप्तान मोठ्याने म्हणाला. पळणारा डाव्या कडेला पोचून थांबला होता. आपल्यामागे कुणी येत नाही हे त्याला कळत नव्हते.

“बहिरा झालास का रे?” कुणीतरी रांगेतून ओरडले.

“ऊठ की,” सरांचा आवाज आला. “काय झालं? ऊठ!”

“सर,” मी बाभळीकडे बघत म्हणालो, “हात लागला नाही.”

माझ्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, कप्तान उभा होता. त्याचा हात वर उचललेला होता की खाली होता हे मला दिसत नव्हते. तो एवढा एक कोपरा कानाडोळ्यालाही दिसत नाही. पण त्याचा श्वास ऐकू येत होता. तो धावणाऱ्याचा श्वास नव्हता. उन्हाची तिरीप कलली होती. माझ्या उजव्या बाजूला जमिनीवर त्याची सावली पडली होती आणि सावलीचा एक हात कोपरात दुमडलेला होता. तो तसाच राहिला. मग सरळ होऊन खाली गेला.

सरांनी शिट्टी वाजवली आणि आज सराव इथेच थांबला म्हणून सांगितले. पोरे उठली, बनियन झटकत पांगली. मी सगळ्यांत शेवटी उठलो. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चौकोनात दहावा गडी बसू लागला.